समुद्राकाठची खोली, दवाखान्याची वाट

परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्या लागल्या की दवाखान्यात एक वेगळ्या जातीचा रुग्ण येऊ लागतो. त्याला काही झालेले नसते. ‘बीपी तेवढा पाहून द्या, बाहेर चाललो,’ असे म्हणत तो खुर्चीवर टेकतो आणि खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवू लागतो. परवा आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, मधुमेह दहा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. चेहऱ्यावर मात्र पोराचा आनंद.

‘‘डाक्टरसाहेब, यंदा कोकनात चाललो. हे पाहा खोली. मांगं डोंगर, समोर समुद्र. अन् आजूबाजूले दोन किलोमीटर कोनीच नाही!’’

फोटो खरोखरच सुंदर होता. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. खाली काळा कातळ आणि त्यावर फुटणारी पांढरी लाट. ‘कोणीच नाही’ हे त्यांनी दोनदा सांगितले, कारण त्याचेच तर जास्तीचे पैसे मोजले होते. मी विचारले, ‘‘रात्री एक वाजता तुमच्या छातीत दुखू लागले तर?’’ त्यांनी हसून सौभाग्यवतींकडे पाहिले. ‘‘तुमी डाक्टर लोक ना, मानसाले सुखानं फिरू देत नाही.’’

हा आरोप मला मान्य नाही. सुखाने फिरावे, दूर जावे, एकांतात राहावे, असेच माझे मत आहे. आजच्या लेखाचा विषय मात्र त्यांना विचारलेला तो प्रश्नच आहे.

एकांताचा गुण खरा आहे, आणि त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार ढासळली होती. वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांपर्यंत उतरले होते. गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहण्याचा सल्ला दिला. विनोबांनी डोंगर निवडला नाही, समुद्रही नाही. त्यांनी वर्ध्यापासून थोड्याच अंतरावरचे पवनार निवडले. धाम नदीकाठच्या टेकाडावर जमनालालजींचा बंगला रिकामा होता, तेथे ते राहायला गेले. नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी मनातून सगळी कामे सोडून दिली. मग मोकळ्या हवेत फिरणे, थोडे खणणे, साधा आहार आणि डोक्याला पूर्ण विश्रांती. काही महिन्यांत त्यांचे वजन चांगले चाळीस पौंडांनी वाढले. गंमत अशी की विनोबा जन्माने कोकणातले, पेणजवळच्या गागोद्याचे. प्रकृती सुधारायला ते कोकणात परत गेले नाहीत. विदर्भाच्या उन्हात, धामच्या काठी सुधारले.

समुद्राचेही असेच. गांधीजी १९२४ साली आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि पुन्हा १९४४ साली आगाखान महालातून सुटल्यावर, मलेरियाने खंगलेले असताना, जुहूच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी राहिले होते. तेव्हाचे जुहू आजच्यासारखे गजबजलेले नव्हते. तेथून पुढे ते पाचगणीला गेले आणि मग सेवाग्रामला परतले. इंग्लंडात तर अठराव्या शतकात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी पिणे हे औषध म्हणूनच लिहून द्यायला सुरुवात केली, आणि ब्रायटनसारखी गावे त्यावर वसली. पाणी पिण्याचे खूळ मागे पडले, ते बरेच झाले. राहिली ती गोष्ट खरी आहे: अंधारी रात्र, लवकर झोप, घड्याळाचा जाच नाही, पायांना चाल, डोळ्यांना लांबवर पाहण्याची सवड. माझ्या कितीतरी रुग्णांचा रक्तदाब आठ दिवसांच्या अशा सुटीने खाली आलेला मी पाहिला आहे. (परत आल्यावर तो पुन्हा कशाने चढतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

पण पवनारच्या बंगल्यापासून वर्धा जवळ होते. जुहूपासून मुंबई जवळ होती. आज आपण ज्या एकांताचे पैसे मोजतो तो तसा नसतो. गुहागर तालुक्यातला हेदवी-वेळणेश्वरचा किनारा घ्या, रत्नागिरीजवळचे आरे-वारे घ्या, देवगडकडचे कातळ घ्या किंवा वेंगुर्ल्याच्या बाजूचे निवती-भोगवे घ्या. डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरलेली, वर सडा, खाली खडप, मधे एखादी वाडी. रस्ता वळणावळणांचा, खाडी आली की वळसा. नकाशावर वीस किलोमीटर दिसतात आणि गाडीला तास लागतो. मोबाइलला रेंज मिळते ती टेकडीवरच्या एखाद्याच झाडाखाली, आणि ते झाड गावात सगळ्यांना ठाऊक असते.

आपण वर्धेकर या बाबतीत थोडे लाडावलेले आहोत, हे आधी कबूल केले पाहिजे. शहराच्या एका अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, १९६९ सालापासून त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचे. बहुतेक जिल्ह्यांच्या गावांना एकाची मारामार, येथे दोन. रामनगरात कोणाच्या छातीत कळ आली तर ऑटोरिक्षानेसुद्धा वीस मिनिटांत तो तज्ज्ञ डॉक्टरासमोर असतो. त्यामुळे ‘दवाखाना किती दूर?’ हा प्रश्न आपल्या तोंडी येतच नाही. आष्टी-कारंज्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याला विचारा. त्याने तो प्रश्न बायकोच्या बाळंतपणात विचारलेला असतो, पोराला साप चावला तेव्हा विचारलेला असतो. तो कोकणात गेला तर खोली पाहण्याआधी गाडी कोठे लागते ते पाहील.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. मला ते शिकावे लागले ते माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर बेतले तेव्हा. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोन्ही भाऊ सहकुटुंब गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत उतरलो होतो. दिवाळीनंतरचे दिवस, हवा सुरेख. खोली अगदी पाण्यावर, वरच्या रस्त्यापासून पाऊणशे-शंभर पायऱ्यांची पाखाडी उतरून जायचे. पाखाडी म्हणजे कोकणातली दगडी पायऱ्यांची वाट. उतरताना मुलांनी मोजत मोजत खेळ केला.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास वहिनींनी दार वाजवले. दादा पलंगावर बसलेला, अंगभर घाम, जबड्यात आणि डाव्या खांद्यात दुखते म्हणत होता. ‘ॲसिडिटी असेल,’ हे त्याचे निदान. प्रत्येक पुरुषाचे हेच पहिले निदान असते. नाडी हाताला लागताच मला कळून चुकले. माझ्या बॅगेत स्टेथोस्कोप होता, बीपीचे यंत्र होते, तापाची गोळी होती, मुलांसाठी मलम होते. ॲस्पिरिन नव्हती. वर्ध्यात ती गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून ती बरोबर घ्यायची असते हे मला, एका डॉक्टरला, सुचले नव्हते.

फोन लागेना. माझा पुतण्या अंधारात पाखाडी चढून मालकांच्या घरी धावला. ते गृहस्थ पासष्टीचे, पण त्यांनी दहा मिनिटांत चार माणसे आणि शेजारची जीप उभी केली. दादाला चालू द्यायचे नव्हते. शेवटी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, खुर्चीला लुंग्या बांधून चौघांनी त्या पायऱ्या चढवल्या. दिवसा मोजत उतरलेली प्रत्येक पायरी मी त्या रात्री पुन्हा मोजली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर हजर होते, त्यांनी गोळी चघळायला दिली, पट्टी काढली आणि पुढे पाठवले. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळेपर्यंत दुखणे सुरू होऊन साडेतीन तास उलटले होते. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की तिच्यावर जगणारा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. पहिले एक-दोन तास सर्वांत मोलाचे. दादा वाचला. पण त्याच्या हृदयाची ताकद त्या रात्रीनंतर पूर्वीसारखी झाली नाही. आज तो बाजारात जाऊन येतो, जिना चढताना मात्र मधे थांबतो. हेच वर्ध्यात घडले असते तर, हा विचार मी करायचा नाही असे ठरवले आहे आणि तो दर दिवाळीला येतो.

म्हणून माझे मत असे की ज्याला हृदयविकार आहे, ज्याला मधुमेहासाठी इन्सुलिन लागते, ज्याला दम्याचे झटके येतात, ज्या घरात दिवस भरत आलेली सून आहे, त्या घराने एकांत घ्यावा, पण मोजून घ्यावा. मोजायचा तो किलोमीटरने नव्हे, वेळेने. आणि दिवसाच्या वेळेने नव्हे, रात्रीच्या. खोली ठरवताना जेवणात काय मिळते हे आपण विचारतोच. त्याच फोनवर विचारावे: रात्री आजारी पडलो तर गाडी कोणाची, ती किती वेळात दारात येते, दारात येते की पायऱ्यांवर थांबते, आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर राहतात का, आणि पट्टी काढून इंजेक्शन देण्याची सोय असलेले मोठे रुग्णालय तेथून किती वेळाचे? जिल्हा रुग्णालये रत्नागिरी आणि ओरोसला आहेत, चिपळूण तालुक्यात डेरवणचे मोठे रुग्णालय आहे. आपण ज्या टोकाला चाललो तेथून त्यातले कोणते जवळ, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत. पण तिला बोलवायला फोन लागावा लागतो आणि तिलाही तीच वळणे पार करावी लागतात. या प्रश्नांवर जो मालक चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. चांगला मालक चिडत नाही. त्याला उत्तरे पाठ असतात, कारण त्याच्या घरातही म्हातारी माणसे आहेत.

आता समुद्र. येथे आपले अज्ञान सर्वांत महाग पडते. आपले पाणी म्हणजे विहीर, धाम, वेणा, पुलगावची वर्धा, बोर धरण. आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा विहिरीच्या काठावरून सूर मारून तयार झालेला असतो. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. नदीचे हलते, पण एकाच दिशेने. समुद्राचे पाणी येते, जाते, आडवे सरकते आणि भलत्याच जागेतून परत फिरते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याला माघारी जावेच लागते. ते जेथे एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते, तेथे पाण्याला ओढ असते. कपटाची गोष्ट ही की अशा पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो भाग बाजूच्यापेक्षा शांत दिसतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तेथेच उतरतो.

मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. मालवणजवळ वायरीला १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. या दोन्ही तारखा पाहा. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. फेब्रुवारी आणि एप्रिल, म्हणजे सहलींचे महिने, आणि वेळ दिवसाची. तेथे निदान आरडाओरडा ऐकून धावणारे लोक होते. आपल्या खोलीपुढच्या ‘खासगी’ किनाऱ्यावर कोण धावणार? म्हणून एकांताच्या किनाऱ्यावर माझा नियम सोपा आहे: जेथे गावचे लोक पोहत नाहीत, तेथे आपण घोट्यापुढे जायचे नाही. दारूचा घोट घेऊन तर मुळीच नाही. आणि कोणी ओढीत सापडलाच, तर त्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, त्यात दम निघून जातो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर, आडवे सरकत त्या पट्ट्याबाहेर पडावे. काठावरच्यांनी मागोमाग उड्या घेऊ नयेत. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात. दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, तरंगेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटा टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी, आणि हे मदत येईपर्यंत सोडू नये.

भरती-ओहोटी आपल्याला परकी वाटते, पण तिचे वेळापत्रक आपल्या भिंतीवरच टांगलेले असते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तेथून सव्वासहा तासांनी ओहोटी आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. गावोगाव थोडा फरक पडतो, तो तेथे विचारून घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी, ती भांगेची भरती. आपले लोक पौर्णिमेचे चांदणे पाहून बुकिंग करतात, म्हणजे उधाणाचा दिवस नेमका निवडतात! ओहोटीला खडपांवरून चालत शेजारच्या पुळणीवर गेलेली मंडळी भरतीत तिकडेच अडकल्याचे प्रकार घडतात. हेदवीची बामणघळ पाहायला पुष्कळ लोक जातात. कातळाला पडलेली ती अरुंद भेग, भरतीची लाट तीत शिरली की पाण्याचा लोट उंच उसळतो. देखावा अप्रतिम. पण तो कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, आणि पाच लाटा बेताच्या आल्या म्हणून सहावीही बेताची येईल असा काही करार नाही. फोटोसाठी पाठ समुद्राकडे करून उभे राहणाऱ्यांना मी हात जोडतो.

खडपांवर अनवाणी चालू नये. कालवांच्या कवचांनी तळव्याला ब्लेडसारखी चीर पडते, आणि खाऱ्या पाण्यातली जखम मधुमेही माणसाला किंवा यकृताच्या रुग्णाला फार महागात पडू शकते. अशी जखम गोड्या पाण्याने भरपूर धुवावी आणि लाली, सूज, ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात निर्जन किनाऱ्यावर जाऊन राहण्याची नवी हौस निघाली आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच कोळी पाण्यात उतरतात. ज्यांचे पोट पाण्यावर आहे ते दोन महिने दूर राहतात. मग आर्वीच्या माणसाने त्या पाण्यात का शिरावे? पडवीत बसून पाहावे, भजी खावीत.

उन्हाबद्दल आपल्याला फार घमेंड. ‘आम्ही पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश काढणारी माणसे, आम्हाला तेहतीस-चौतीसचे काय?’ येथे मोठी गफलत होते. वर्ध्याचा उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि येता येता वाळतो, वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर आपले शरीर चालते. कोकणात घरोघरी कूलर का दिसत नाहीत? कारण हवाच ओली, तेथे गवताच्या ताट्या भिजवून काही थंड होत नाही. माणसाचेही तसेच. घाम नुसता गळतो, वाळत नाही. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मिळत नाही. दुपारी किल्ला चढायला निघालेले विदर्भाचे पाहुणे अर्ध्या वाटेत डोके धरून बसतात ते याचमुळे. म्हणून मे महिन्यात सकाळी नऊनंतर आणि चारच्या आत चढण करू नये. पाण्याबरोबर मीठ-साखर जावी, जलसंजीवनीची पाकिटे बरोबर असावीत. शहाळे उत्तम, पण ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळ्यांचा सपाटा लावू नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मासे पहिल्यांदा खाणाऱ्याने पहिल्या दिवशी थोडेच खावेत, विशेषतः कोलंबी आणि तिसऱ्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर जेवण तेथेच थांबवावे. श्वास अडू लागला तर एक क्षणही न दवडता दवाखाना.

राहिले साप-विंचू. नाग, मण्यार, घोणस आपल्या शेतातले. कोकणच्या कातळात आणि गडग्यांत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, फुरसे फार. हात-दीड हाताचे, वेटोळे करून बसणारे, दगडाच्याच रंगाचे. त्याचा चावा पाहून माणूस म्हणतो, ‘एवढेसेच तर आहे.’ काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. रात्री पडवीतून मोरीपर्यंत जातानाही पायांत चप्पल आणि हातात विजेरी असावी, दगडांच्या फटीत हात घालू नये. चावल्यास कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिक शोधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस या चारही सापांवर चालते.

विंचवाच्या बाबतीत तर कोकणाने जगाला धडा दिला आहे, आणि त्याचा धागा विदर्भाला जोडलेला आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत दगावत होती. रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी टिपणे ठेवली, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी या विषावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचे असे की ती गोळी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नव्हे, खेड्यातल्या आरोग्य केंद्रात सिद्ध झाली. तेव्हा ‘हा काय सरकारी दवाखाना’ म्हणून वाटेतले केंद्र सोडून पुढे शहराकडे गाडी दामटू नये. पहिला उपचार तेथेच घ्यावा.

औषधांविषयी एवढेच, की ती मोजून नव्हे, चार दिवसांची जास्त घ्यावीत आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवावीत. एक पिशवी गाडीत विसरली तर दुसरी हाताशी राहते. इन्सुलिन उभ्या गाडीत तापू देऊ नये आणि बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. वीज गेली तर गार पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या फडक्यात चालते. हृदयरुग्णांनी ॲस्पिरिन आणि जिभेखालची गोळी याबद्दल आपापल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. सगळ्यांना त्या चालत नाहीत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला आहे, त्यामुळे ‘रात्रीतून समुद्र गाठू’ असे बेत हल्ली कानावर येतात. रात्रभर गाडी हाकून, झोप नाही, गोळी चुकलेली, अशा अवस्थेत पहाटे पाखाडी उतरणाऱ्या साठीच्या माणसाची मला समुद्रापेक्षा जास्त धास्ती वाटते. वाटेत एक मुक्काम करावा.

आणखी एक गोष्ट मनात येते, विषयाच्या थोडी बाहेरची आहे. त्या रात्री दादाची खुर्ची ज्या चौघांनी उचलली, त्यांची आई, बायका, पोरे त्याच पायऱ्यांखाली बारा महिने राहतात. आपण चार दिवसांसाठी जो दुर्गमपणा हौसेने विकत घेतो, तो त्यांच्या नशिबी फुकट आलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी मालकांना पैसे देऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘पैसे कसले? आमच्याकडे आजारी माणूस असाच वर नेतात.’’ किनाऱ्यावर खोल्या वाढत आहेत, दर वाढत आहेत. त्यातून जमणाऱ्या पैशातले थोडे त्या आरोग्य केंद्राकडे आणि त्या रस्त्याकडे वळावे, अशी मागणी गावकऱ्यांबरोबर आपण पाहुण्यांनीही केली पाहिजे. आणि खोली चालवणाऱ्या प्रत्येकाने दाराच्या आतल्या बाजूस एक पाटी लावावी: आजच्या भरतीची वेळ, गाडीवाल्याचा नंबर, आरोग्य केंद्राचा नंबर. खर्च शंभर-दोनशे रुपये.

सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांनी माझ्यासमोरच मालकाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाडी? आहे, माझीच आहे. रस्ता? गाडी दारापर्यंत येते. आरोग्य केंद्र? अर्धा तास. रात्री डॉक्टर? ‘‘असतात, पण कधी मीटिंगला गेले तर नसतात हो. तुम्ही निघायच्या आधी मला फोन करा, मी विचारून ठेवतो.’’ मोठे रुग्णालय? दीड तास, पाऊस नसला तर. मग माझ्या सांगण्यावरून त्यांनी समुद्राचे विचारले. ‘‘समोर पोहायचे नाही. पोहायचे असेल तर मी पलीकडच्या पुळणीवर नेतो, ओहोटीला नाही, भरती चढताना, आणि माझ्याबरोबरच.’’

मला तो माणूस आवडला. त्यांनी बुकिंग रद्द केले नाही, मीही करा म्हटले नाही. मात्र भिंतीवरचे कॅलेंडर पाहून पौर्णिमा टाळून तारीख पाच दिवस पुढे नेली. पट्टी काढली, साखर तपासली. उठता उठता म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, गोळ्याइची चिठ्ठी दोनदा लिहून द्या. येक हिच्या पर्समंदी ठेवतो.’’

दोनदा लिहून दिली.